बंकर फटका (गोल्फ)

वाळू भरलेल्या खड्ड्यातून म्हणजे बंकरमधून चेंडू बाहेर काढण्याचा फटका. ग्रीनलगतच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळच्या) बंकरमध्ये क्लब, म्हणजे चेंडू मारण्याची काठी, चेंडूला थेट लागत नाही. चेंडूच्या सुमारे ५ सेंमी. मागे वाळूत शिरून तो वाळूचा पातळ थर उडवतो आणि त्या थराबरोबर चेंडू वर येतो.

हा फटका सुधारला तो खेळाडूच्या कौशल्याइतकाच क्लबच्या तळामुळे. जुन्या निब्लिकची (तिरप्या तोंडाच्या लोखंडी क्लबची) धारदार पुढची कड वाळूत रुतत असे. त्यावर उपाय म्हणून निघालेल्या अंतर्वक्र फेसच्या (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या) वेजचे, म्हणजे चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबचे, पेटंट एडविन मॅक्लेन यांनी १९२८ मध्ये घेतले. अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स यांनी १९३० च्या हॉयलेक (इंग्लंड) येथील ब्रिटिश ओपन स्पर्धेत असा क्लब वापरला. मात्र अशा फेसने चेंडूला एकाच फटक्यात दोनदा स्पर्श होऊ शकतो, म्हणून १९३१ मध्ये अंतर्वक्र फेसवर बंदी आली. आजच्या सँड वेजचे श्रेय सामान्यतः अमेरिकन गोल्फपटू जीन सॅराझेन यांना दिले जाते. त्यांनी १९३१ च्या सुमारास निब्लिकच्या तळाला डाख देऊन मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली आणली. उद्योगपती व वैमानिक हॉवर्ड ह्यूज यांच्याबरोबरच्या विमानप्रवासात विमानाची शेपटी खाली जाताच नाक वर उचलले जाते हे पाहून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. ही आठवण मुख्यतः त्यांच्याच कथनावर उभी आहे. जाड तळाच्या वेजचा पहिला शोधक ठरवण्यापेक्षा हा तळ रूढ करणारे म्हणून सॅराझेन यांचा उल्लेख करणे अधिक सयुक्तिक दिसते. १९३२ ची ओपन त्यांनी प्रिन्सेस (सँडविच, केंट) येथे याच क्लबानिशी जिंकली.

तळाच्या या उताराला बाउन्स म्हणतात. सँड वेजचा लॉफ्ट (फेसचा तिरपेपणा) बहुधा ५४ ते ५८ अंश असतो. फेस उघडला (अधिक वरच्या दिशेला वळवला) की बाउन्स वाढतो व तळ वाळूवरून घसरतो. भुसभुशीत वाळूत तो उपयोगी, तर ओल्या, घट्ट वाळूत क्लब उसळून चेंडूच्या मध्यावर आदळण्याचा धोका असतो. उजव्या हाताच्या खेळाडूने चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवून वजन डाव्या पायावर घ्यावे. स्विंग (क्लब फिरवण्याची क्रिया) मध्येच थांबवणे ही नवख्यांची नेहमीची चूक. चेंडू वाळूत रुतला असल्यास मात्र फेस सरळ ठेवतात, म्हणजे पुढची कड खणते. असा चेंडू ग्रीनवर अधिक धावतो. फेअरवे बंकरमध्ये (ग्रीनपासून दूर, मुख्य मार्गावरील बंकरमध्ये) आधी चेंडू व नंतर वाळू असा क्रम असतो.

फटक्यापूर्वी चेंडूच्या लगत मागे वा पुढे क्लब वाळूला टेकवणे निषिद्ध आहे. सुटी पाने, काटक्या काढण्यास २०१९ पासून मुभा असून, न खेळण्याजोगा चेंडू दोन दंडफटके पत्करून बंकरबाहेर, मागील बाजूस टाकता येतो.