रात्रीचा बॅकअप आहे, मग काळजी नाही?

समज असा: ‘रोज रात्री डेटाबेसचा पूर्ण बॅकअप होतो, म्हणजे काहीही झालं तरी डेटा परत मिळतो.’ वरवर पटण्यासारखं आहे, आणि अर्धं खरंही आहे.

आता हिशोब करून पाहा. बॅकअप रात्री 2 वाजता झाला. दुपारी 3:40 ला कुणीतरी अट न लिहिता डिलीटची आज्ञा चालवली आणि टेबलमधल्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. रात्रीची प्रत परत आणली तर टेबल मिळेल, पण मधल्या जवळपास 14 तासांच्या नोंदी गेल्या. त्या परत आणतो तो ट्रान्झॅक्शन लॉग. प्रत्येक बदल त्यात क्रमाने लिहिला जातो. जुन्या प्रतीवर तो लॉग 3:39 पर्यंत पुन्हा चालवायचा आणि तिथेच थांबायचं.

मात्र हे लॉग आधीपासून जपलेले हवेत. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आर्काइव्ह मोड, म्हणजे लॉग जपून ठेवायची सोय, मुळात बंद असतो. तो चालू केला तरी आधार म्हणून डेटा फाइल्सची बेस बॅकअप प्रत लागते. पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या निर्यात साधनाने काढलेल्या प्रतीवर लॉग चढवता येत नाही, आणि इथेच बरेच जण अडकतात. मायएसक्यूएल 8.0 या दुसऱ्या डेटाबेसमध्ये बायनरी लॉग, म्हणजे त्याचा बदलांचा लॉग, मुळात चालू असतो, पण 30 दिवसांनी पुसला जातो. लॉग वेगळ्या डिस्कवर ठेवाच.

तपासायचं कसं? सेटिंग बघा, शेवटची लॉग फाइल कधी साठवली गेली ते बघा. मग दुसऱ्या मशीनवर कालची एखादी वेळ ठरवून डेटाबेस खरोखर त्या क्षणापर्यंत उभा करून पाहा.