भरवसा, ख्रिस्ती (संकटकाळातील)

संकटात सापडलेल्या माणसाने आपल्या बळापेक्षा देवाच्या विश्वासूपणावर विसंबावे, ही ख्रिस्ती धर्मातील मूळ शिकवणींपैकी एक. आजारपण, मृत्यू, कर्ज, बुडालेली नोकरी, पूर किंवा दुष्काळ, कशातही देव माणसाला एकटे सोडत नाही असे ती मानते. संकट टळेलच असे मात्र ती सांगत नाही. ही दुसरी बाजू विसरली जाते, म्हणून बाहेरून होणारी टीका आणि आतून होणारी भाबडी प्रवचने दोन्ही नेम चुकतात.

बायबलमध्ये या भरवशाचा सूर नेहमीच शांत नसतो. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. लोकप्रिय आहेत ती 23वे (मेंढपाळाचे) आणि 46वे (आश्रयाचे), पण 88वे स्तोत्र अंधारातच संपते, त्यात शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. 22व्या स्तोत्राची सुरुवात, ‘माझ्या देवा, तू मला का सोडलेस’ ही हाक, वधस्तंभावर येशूच्या तोंडी येते. सर्वस्व गमावलेला ईयोब अध्यायामागून अध्याय देवाशी भांडतो. त्याचे मित्र ‘तुझेच काही पाप असेल’ असे समजावत राहतात आणि शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. प्रेषित पौलाने आपल्या ‘शरीरातील काटा’ (अंगाला जडलेली एक पीडा) निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, पण काटा निघाला नाही, मिळाले ते कृपा पुरेशी असल्याचे उत्तर. दानीएलाच्या पुस्तकात मूर्तीला न नमल्याबद्दल जाळले जाणारे तिघे तरुण भट्टीपुढे उभे राहून म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवील, आणि न सोडवले तरी मूर्तीपुढे वाकणार नाही. या शिकवणीचा खरा कस त्या ‘तरी’मध्ये लागतो.

मराठी वाचकाला हा सूर परका वाटू नये. विठोबाला जाब विचारणारा, त्याच्याशी अबोला धरणारा तुकाराम घरोघरी ठाऊक आहे. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक (1861–1919) आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन हे प्रकार मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवले.

पंडिता रमाबाई (1858–1922) यांच्या आयुष्यात हा भरवसा फार कठोर परीक्षेला उतरलेला दिसतो. आई-वडील पुराणे सांगत तीर्थे हिंडणारे. उपास, व्रते, दाने करून गाठीचे सगळे संपले आणि 1874च्या सुमारास दुष्काळात थोड्याच महिन्यांत दोघेही गेले. पुढे भाऊ गेला, 1882 मध्ये पटकीने पती गेले. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांनी निराधार स्त्रिया व मुलींसाठी उभारलेल्या केडगावच्या (पुणे जिल्हा) मुक्ती मिशनसाठी पुढे कायमच्या उत्पन्नाची तजवीज नव्हती, संस्था प्रार्थना आणि येतील त्या देणग्या यांवर चाले. पण त्यांनी नुसते हात जोडून ठेवले नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम व छापखाना सुरू केला. 1899–1900 च्या दुष्काळात, ज्याला गुजरातेत संवत 1956 वरून ‘छप्पनिया’ म्हणतात, गुजरातेतील शेकडो मुली केडगावी आणल्या गेल्या. लहानपणी स्वतः भुकेने वणवणलेल्या बाईने हे केले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. 1921 मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. त्यानंतरही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही.

छप्पनियाची झळ गायकवाडांच्या बडोदा (वडोदरा) राज्यालाही बसली. उपासमारीमागून पटकी आली. त्या काळात गुजरातेतील मिशनांनी अनाथालये उघडली आणि त्यांत वाढलेली मुले पुढे मंडळ्यांत (चर्चच्या स्थानिक समुदायांत) सामावली. ‘भाकरीसाठी ख्रिस्ती झाले’ हा आरोप तेव्हापासूनचा. तो सगळाच खोटा म्हणता येणार नाही. मात्र उपाशी माणसाला अन्न न देता नुसते ‘सुखाने जा’ म्हणणारा विश्वास निरुपयोगी, असे बायबलमधील याकोबाचे पत्र स्पष्ट सांगते. आणंदचे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंघटनेचे एमरी हॉस्पिटल आणि नडियादचे मेथडिस्टांचे (एका प्रोटेस्टंट पंथाचे) मिशन हॉस्पिटल याच धारेतले.

आजच्या वडोदऱ्यात मराठी ख्रिस्ती कुटुंबे थोडी. फतेहगंजच्या मेथडिस्ट मंडळीत काय किंवा अन्यत्र काय, उपासनेची भाषा मुख्यतः गुजराती. घरच्या प्रार्थनेत मात्र टिळकांची भजने टिकून राहतात. दांडिया बाजारातल्या मराठी शेजाऱ्याला ती ऐकताना भजनाचा ठेका ओळखीचा लागतो, नाव तेवढे वेगळे.

व्यवहारात हा भरवसा बहुधा एकट्याचा नसतो. भक्तीच्या वेळी आजाऱ्यांची नावे वाचून मध्यस्थीची प्रार्थना होते, पाळक आणि वडीलजन घरी येतात, काही ठिकाणी तेल लावून प्रार्थना करतात. कॅथलिकांत रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावणे) हा स्वतंत्र संस्कारच आहे, शिवाय जपमाळ आणि नित्य साहाय्य मातेची, म्हणजे मरियेची, नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना). मेथडिस्ट परंपरेत तिचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने 1755 मध्ये सुरू केलेली, देवाशी करार नव्याने करण्याची उपासना पुढे नववर्षाशी जोडली गेली. तिच्यात भक्त देवाला म्हणतो, मला कामाला लाव किंवा दुःख सोसायला लाव. नव्या वर्षाच्या शुभेच्छांच्या गर्दीत ही प्रार्थना जरा दचकवणारीच. जुलै 2019 अखेरीस आणि ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वडोदरा शहरात शिरले, तशा प्रसंगी प्रार्थनेआधी चौकशी होते ती कुणाच्या घरात किती पाणी आहे याची.

गैरवापरही पुष्कळ आहे. देणगी द्या म्हणजे कर्ज फिटेल, औषध सोडा म्हणजे विश्वास सिद्ध होईल, असे सांगणारे प्रचारक गर्दी खेचतात. मुख्य प्रवाहातील चर्चेस औषधोपचार आणि प्रार्थना यांत विरोध मानत नाहीत. पौलाचा सोबती लूक हा स्वतः वैद्य होता. मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी टाक, देवदूत झेलतील, या सैतानाच्या सूचनेला येशूने ‘देवाची परीक्षा पाहू नकोस’ असे उत्तर दिल्याची कथा मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. याहून बोचरा प्रकार म्हणजे शोकात बसलेल्या घरी जाऊन ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे सुनावणे. जन्मांध माणसाबद्दल पाप कोणाचे, त्याचे की आई-बापांचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान 9).