आकडीपासून शांत झोपेपर्यंत : सुगंधी तेले आणि मेंदू

लॅव्हेंडरच्या तेलाच्या बाटलीवर आज 'गाढ झोप', 'मनःशांती' असे छापलेले असते. वैद्यकाच्या दप्तरात मात्र या तेलांची ठळक नोंद झाली ती उलट बाजूने. जायफळाने झालेला भ्रम, कापराने आलेली आकडी, ॲबसिंथ या युरोपीय दारूतल्या वनस्पतीच्या तेलाने झटके देणारे गिनीपिग, असा हा सुरुवातीचा पुरावा आहे. ही तेले शांत करतात हे चाचण्यांनी दाखवणे विसाव्या शतकात सुरू झाले आणि त्यातला भक्कम भाग तर २०१० नंतरचा आहे. हा क्रम माहीत नसला की 'नैसर्गिक आहे, वासच तर घ्यायचाय' एवढ्यावर माणूस निर्धास्त होतो.

तेल म्हटले तरी यात तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलासारखी स्निग्धता नसते. कागदावर थेंब टाकला तर बहुतेक तेले डाग न ठेवता उडून जातात. टर्पीन आणि त्यांच्यासारखे छोटे, चरबीत विरघळणारे रेणू त्यात असतात. ते फुफ्फुसातून, आतड्यातून आणि थोडेफार कातडीतूनही रक्तात जातात आणि तिथून मेंदूत पोचतात. वासाचा मार्ग वेगळा. नाकातल्या चेतापेशींचा संदेश घ्राणकंदात, म्हणजे मेंदूतल्या वासाच्या केंद्रात, आणि तिथून थेट भीती-भावना सांभाळणाऱ्या अमिग्डालाकडे जातो. वास टिपणाऱ्या ग्राहकांची (रिसेप्टरची) जनुके रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हुंगणे आणि पोटात घेणे या दोन गोष्टी एकच धरल्यामुळे या विषयात बराच घोळ झाला आहे.

उर्ध्वपातनापूर्वी, म्हणजे वाफेने तेल काढणारी भट्टी येण्यापूर्वी, लोकांना सुगंध मिळे तो धूप, उटणे, विडा यांतून, म्हणजे फार विरळ रूपात. इजिप्तच्या देवळांत रात्री जाळल्या जाणाऱ्या 'किफी' या धुपाबद्दल प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की त्याने झोप लागते आणि दिवसभराच्या काळज्या सैल पडतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तोंडात धरायच्या सुगंधी द्रव्यांत जायफळ, लवंग, कंकोळ, वेलची आणि कापूर एकत्र येतात. मग अरब आणि इराणी रसायनकारांनी भट्टीचे तंत्र सुधारले आणि १५०० साली स्ट्रासबर्गच्या हिरोनिमस ब्रुन्श्विगने उर्ध्वपातनावर छापील ग्रंथ काढला. कनौजचे अत्तरवाले आजही तांब्याची डेग, बांबूची नळी आणि पाण्यात बुडवलेला 'भपका' (सुगंध गोळा करायचे भांडे) वापरतात. भट्टीमुळे फरक पडला तो प्रमाणाचा. शंभर किलो लॅव्हेंडरच्या फुलोऱ्यातून तेल निघते जेमतेम किलोभर. पानाफुलांत जे विरळ होते ते एका चमच्यात आले आणि विषबाधेचा प्रश्नही त्याबरोबरच आला.

जायफळाला मात्र भट्टीची गरज पडली नाही. मात्तियास द लोबेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५७६ मध्ये एका गरोदर इंग्लिश बाईची हकीकत नोंदवली. दहा-बारा जायफळे खाऊन ती बरळू लागली होती. त्यानंतर ब्रेस्लाउचे शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८२९ मध्ये स्वतःवरच प्रयोग केला. त्यांनी तीन जायफळे खाल्ली. थिएटरकडे चालत जाताना रस्ता संपतच नाही असे त्यांना वाटू लागले. पावले नीट पडत होती, पण मध्येच स्वप्ने घुसत आणि त्यांतून स्वतःला ओढून काढावे लागे.

एका जायफळाचे वजन साधारण पाच ग्रॅम भरते आणि त्यात ५ ते १५ टक्के उडनशील तेल असते. मेंदूवरच्या परिणामासाठी त्यातल्या मिरिस्टिसिन आणि एलेमिसिन या घटकांकडे बोट दाखवले जाते. पुरणात किंवा कॉफीत पडते ती चिमूट, अर्ध्या ग्रॅमच्याही आतली. त्रासाच्या नोंदी पाच ग्रॅमच्या आसपास सुरू होतात. घात होतो तो वेळेमुळे. परिणाम दिसायला तीन ते सहा तास लागतात. तोवर 'काहीच झाले नाही' म्हणून माणूस आणखी घेतो आणि मग तोंड कोरडे पडणे, छातीत धडधड, मळमळ, भीती आणि भ्रम हे सगळे एकदम सुरू होऊन दिवसभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. मिरिस्टिसिनचे शरीरात ॲम्फेटामिन या उत्तेजक औषधासारखे संयुग बनते, ही १९६० च्या दशकातली कल्पना अजून सांगितली जाते. जायफळाची विषबाधा झालेल्या माणसाची लघवी २००६ मध्ये तपासली तेव्हा तसे काही सापडले नव्हते.

आपल्याकडे बाळगुटीत जायफळाचे वेढे देतात ते झोपेसाठी आणि पोटासाठी. सहाणेवरच्या एका वेढ्यात अगदी थोडे जायफळ उतरते, म्हणून ते आजवर निभावले. मोजमाप हाताच्या अंदाजावर आहे आणि बाळाचे वजन तीन-चार किलो, हे विसरून चालत नाही. त्याच गुटीतल्या वेखंडाची गोष्ट अधिक गंभीर आहे. भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसरोन भरपूर असते. १९५० आणि ६० च्या दशकांत भारतीय औषधशास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या कामात ॲसरोनचा शामक परिणाम स्पष्ट दिसला, म्हणजे जुन्या अनुभवात तथ्य होते. पण जम्मूच्या वेखंडाचे तेल खाऊ घातलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदरांना आतड्यात गाठी झाल्या आणि १९६८ मध्ये अमेरिकेने वेखंड खाद्यपदार्थांतून हद्दपार केले.

कापराचा इतिहास सगळ्यांत विलक्षण आहे. उन्माद झालेल्या रुग्णाला कापूर देऊन आकडी आणली आणि तो सुधारला, असे विल्यम ऑलिव्हर या डॉक्टराने १७८५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केले होते. पुढे बुडापेस्टचे लाडिस्लाउस मेदुना मेंदूचे काप तपासत असताना त्यांना वाटले की अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया हे एकमेकांच्या विरोधात जाणारे आजार असावेत. तसे असेल तर मुद्दाम आणलेल्या आकडीने स्किझोफ्रेनिया हटायला हवा. २३ जानेवारी १९३४ रोजी त्यांनी चार वर्षे निश्चल पडून असलेल्या एका रुग्णाला तेलात विरघळवलेल्या कापराचे इंजेक्शन दिले. पाऊण तासाने त्याला आकडी आली आणि मिनिटभर टिकली. काही इंजेक्शनांनंतर तो उठून बोलू लागला.

ज्या कल्पनेवर हे उभे होते ती पुढे टिकली नाही, उपचार मात्र टिकला. कापराची अडचण होती ती भरवशाची. सुई टोचलेली जागा दुखे आणि आकडी कधी येईल, येईल की नाही, हे सांगता येत नसे. तेवढा वेळ रुग्ण भीतीने अर्धमेला होई. म्हणून मेदुनांनी लवकरच पेंटिलिनटेट्राझोल हे कृत्रिम औषध घेतले आणि १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी त्याजागी वीज वापरली. मनोरुग्णालयातल्या विजेच्या झटक्यांचा उगम असा कापराच्या तेलापर्यंत जातो.

घरातल्या कापराकडे यानंतर वेगळ्या नजरेने पाहायला हवे. लहान मुलांत अर्धा ते एक ग्रॅम कापूर पोटात जाऊन मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. पूजेची वडी तेवढ्या वजनाची सहज असते आणि दिसायला खडीसाखरेसारखी. आकडी पाच मिनिटांतही येऊ शकते, त्यामुळे अशा मुलाला ओकारी काढायला लावणे धोक्याचे. थेट दवाखाना गाठावा आणि किती वड्या गेल्या असतील ते डॉक्टरांना सांगावे. अमेरिकेत २० टक्के कापराचे तेल एरंडेल समजून मुलांना पाजले जाई. १९८२ मध्ये ते बाजारातून काढून टाकण्यात आले आणि लावायच्या मलमांना ११ टक्क्यांची मर्यादा आली. दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीला, नाकाला कापराचे तेल चोळू नये ते याच कारणाने. सर्दीसाठी बाळाच्या उशाशी ओवा-कापराची पोटली ठेवणेही टाळावे. ती सुटून तोंडात गेली तर काय, हा प्रश्न आहेच.

ॲबसिंथच्या बाबतीत चूक उलट दिशेने झाली. या दारूतली वनस्पती म्हणजे वर्मवुड, आपल्या दवण्याच्याच आर्टेमिसिया गटातली. दवण्यात मुख्य घटक डॅव्हानोन, हिच्यात थुजोन. पेर्नो यांची भट्टी १८०५ मध्ये पाँतार्लिएला सुरू झाली आणि शतकअखेरीस ॲबसिंथ फ्रान्सचे रोजचे पेय बनले. पॅरिसचे मनोविकारतज्ज्ञ व्हालाँतँ मान्याँ यांनी काचेच्या हंडीखाली एका गिनीपिगजवळ या वनस्पतीच्या तेलाची बशी ठेवली, दुसऱ्याजवळ अल्कोहोलची. पहिल्याला आकडी आली, दुसरा नुसता झिंगला. त्यावरून ॲबसिंथ पिणाऱ्यांचे वेगळेच वेड असते असा निष्कर्ष निघाला. पण हंडीत होते शुद्ध तेल आणि पेल्यात त्याचा अंश. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडच्या कोम्युन्यी गावात झाँ लाँफ्रे याने बायको आणि दोन मुलींना ठार केले. दिवसभरात तो कित्येक लिटर वाइन प्यायला होता, गाजले ते त्यासोबतचे दोन पेले ॲबसिंथ. स्वित्झर्लंडने १९०८ मध्ये बंदीच्या बाजूने कौल दिला, १९१५ मध्ये फ्रान्सनेही बंदी आणली. थुजोन मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या यंत्रणेला अडवते हे २००० मध्ये सिद्ध झाले. २००८ मध्ये बंदीपूर्व काळातल्या सीलबंद बाटल्या तपासल्या तेव्हा लिटरमागे सरासरी २५ मिलिग्रॅमच थुजोन निघाले. मान्याँ यांचा प्रयोग बरोबर होता, त्याची पेल्याशी घातलेली सांगड चुकीची होती.

आता लॅव्हेंडर. सुगंधोपचाराच्या इतिहासात ल्यों शहराचे अत्तर-रसायनज्ञ रने-मोरीस गातफॉसे यांची कथा नेहमी येते, की भाजलेला हात त्यांनी लॅव्हेंडरच्या पिंपात बुडवला. प्रत्यक्षात १९१० मध्ये झालेल्या एका स्फोटानंतर त्यांच्या जखमांत गॅस गँगरीन झाले आणि ते त्यांनी लॅव्हेंडरच्या अर्काने धुतले. त्यांचा रस जंतुनाशनात होता. 'आरोमातेरापी' हा शब्द त्यांनी रूढ केला, पण मनःशांतीचा धागा दुसरीकडून आला. १९२१ मध्ये डेव्हिड माख्ट यांनी अमेरिकेत सुगंधी द्रव्यांची वाफ देऊन उंदरांना चक्रव्यूहात सोडले. १९२३ मध्ये इटलीत गात्ती आणि कायोला यांनी मज्जासंस्था शांत करणारी आणि चेतवणारी तेले वेगवेगळी मांडली. पुढे मार्गरिट मोरी यांनी पातळ केलेल्या तेलाचे मालिश ब्रिटनमध्ये रुजवले. आजच्या स्पामध्ये मिळते ते त्यांचेच वळण.

रक्तातला पुरावा मिळायला १९९० चे दशक उजाडले. व्हिएन्नात एका माणसाच्या पोटावर दोन टक्के लॅव्हेंडर मिसळलेल्या तेलाने दहा मिनिटे मालिश केले. पाचव्या मिनिटाला रक्तात लिनालूल हे लॅव्हेंडरमधले प्रमुख द्रव्य दिसले आणि विसाव्याच्या आसपास ते सर्वाधिक होते. जर्मनीत ८० मिलिग्रॅम लॅव्हेंडर तेलाची प्रमाणित कॅप्सूल औषध म्हणून आली. २०१० च्या चाचणीत ती चिंतेवर लोराझेपाम या शामक औषधाच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या बरोबरीने उतरली. २०१४ मध्ये १६० मिलिग्रॅमने पॅरोक्सेटिन या चिंता-नैराश्यावरच्या औषधाच्या तोडीस तोड काम केले. बहुतेक चाचण्यांचा खर्च उत्पादकाने केला आहे हे ध्यानात घेऊनही, या सबंध क्षेत्रातला हा सर्वांत चांगला पुरावा. ही कॅप्सूल लोराझेपामसारखी गाबाच्या ग्राहकावर बसत नाही, चेतापेशीतले कॅल्शियमचे मार्ग आवळते. परिणामाला दोनेक आठवडे लागतात आणि मुख्य तक्रार असते लॅव्हेंडरच्या ढेकरांची. हुंगण्याचे गणित निराळे. २०१८ च्या जपानी प्रयोगात लिनालूलच्या वासाने उंदरांची भीती कमी झाली, पण वास हरपलेल्या उंदरांवर काहीच परिणाम झाला नाही. कॅप्सूलचे निष्कर्ष दाखवून खोलीत वास पसरवणारा डिफ्यूझर विकणे म्हणूनच चूक आहे.

आणि बाटलीत लॅव्हेंडर तरी कुठले? औषधी दर्जाचे तेल लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलियाचे. युरोपीय औषधकोशाप्रमाणे त्यात लिनालूल २० ते ४५ टक्के, लिनालिल ॲसिटेट २५ ते ४७ टक्के आणि कापूर जास्तीत जास्त १.२ टक्के चालतो. स्वस्तातले लॅव्हँडिन संकरित असते, त्यात कापूर सहा ते दहा टक्क्यांपर्यंत जातो, स्पाइक लॅव्हेंडरमध्ये आणखी वर. झोपेसाठी आणलेले तेल नाकाला मलमासारखे झोंबत असेल तर यापैकीच एक हाती आले आहे असे समजावे. लेबलवर पूर्ण वनस्पतिनाम नसेल तर बाटली घेऊ नये.

अंगाला लावायचे तर ३० मिलि खोबरेल किंवा तिळाच्या तेलात १२ थेंब, म्हणजे साधारण दोन टक्के. डिफ्यूझरमध्ये तीन ते पाच थेंब पुरतात, अर्ध्या तासाने बंद करावे आणि खिडकी फटभर उघडी ठेवावी. हवा लागून लिनालूलचे हायड्रोपेरॉक्साइड बनते आणि त्याने कातडीला ॲलर्जी येते. म्हणून बाटली गडद काचेची, भरलेली आणि थंड जागी हवी, उघडल्यावर वर्षभरात संपवावी. दोन-तीन थेंबांचे वजन कॅप्सूलइतकेच भरते म्हणून घरचे तेल पिणे हा मात्र मूर्खपणा आहे. सुटे तेल अन्ननलिका जाळते आणि त्यात नेमके काय आहे याची हमी कुणी दिलेली नसते.

आकडीचा विकार असलेल्यांनी कापूर, निलगिरी, रोझमेरी, सेज यांची तेले दूर ठेवावीत. हा धोका जुन्या दप्तरातला नव्हे. बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या पुढाकाराने दक्षिण भारतातल्या चार रुग्णालयांत चार वर्षांत अशा ५५ प्रौढ रुग्णांची नोंद झाली आणि ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेकांच्या बाबतीत संबंध निलगिरी आणि कापराशी होता. काहींना आधीपासून फिट्स होत्या, काहींना आयुष्यातली पहिलीच. त्यामुळे पहिल्यांदा आकडी घेऊन आलेल्या प्रत्येकाला बाम, वाफारा, टूथपेस्ट काय वापरता हे विचारले पाहिजे, असे या डॉक्टरांचे सांगणे आहे.