मालगाडी आणि हातभर जुडी

नाशिकरोडच्या फलाटावर उभं असताना समोरून कोळशाची मालगाडी गेली की मी वॅगन मोजतो. अठ्ठावन्न-एकोणसाठ भरतात. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यातला एकच संच दिवसभर पूर्ण भाराने चालला, तर ही जवळजवळ अख्खी गाडी संपते. साडेतीन हजार टन कोळसा!

आता त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत घाट उतरून पालघरकडे चला. तारापूरला १९६९पासून अणुवीज तयार होते. तिथल्या ५४० मेगावॅटच्या संचांत इंधन जातं ते धातूच्या नळ्यांच्या हातभर लांब जुड्यांमधून. एका जुडीत ३७ नळ्या, त्यात युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या. वजन अर्ध्या सिमेंटच्या गोणीएवढं. अशा एका जुडीतून नऊ लाख युनिटांच्या आसपास वीज मिळते. तेवढ्यासाठी कोळशाच्या दहा वॅगन लागतील.

कोळसा जळतो तेव्हा कार्बन आणि ऑक्सिजनचे अणू नुसते एकमेकांना चिकटतात, त्यांचा गाभा जागचा हलत नाही. युरेनियमचा गाभाच फुटतो. अणूमागे अणू तोलला तर ऊर्जा सुमारे पाच कोटी पट! मग किलोला किलो धरल्यावर ती तीसेक हजार पटींवर का उतरते? एक तर युरेनियमचा अणू कार्बनच्या वीसपट जड. शिवाय नैसर्गिक युरेनियममध्ये सहज फुटणारा भाग शंभरात एकसुद्धा नसतो. एवढी घट सोसूनही तीस हजार.

आपल्या कोळशात शेकडा तीस-चाळीस राखच असते. नाशिकमध्ये नव्या इमारतींवर करड्या विटा दिसतात ना, त्या अशाच राखेच्या. फुटकी वीट बोटांत चोळली की करडी भुकटी रेषारेषांत बसते. राखेची निदान वीट तरी होते. धुराड्यातून गेलेलं परत येत नाही. खाणीपासूनचा हिशेब धरला तर कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, अणुविजेच्या युनिटमागे १२. धुरातल्या बारीक कणांनी माणसं हळूहळू आजारी पडतात, आणि त्याला कुणी अपघात म्हणत नाही, हे मला फार लागतं.

अणूची भीती मात्र खोटी नाही. बॉयलरचा कोळसा थांबवला की आग विझते. अणुभट्टी बंद केली तरी आतलं इंधन तापतच राहतं. फुकुशिमाला २०११मध्ये हेच झालं: भट्ट्या बंद पडल्या होत्या, पण त्सुनामीने पंपांची वीज तोडली. वापरलेली जुडीही वर्षानुवर्षं पाण्यात ठेवावी लागते, आणि तिच्यातलं प्लुटोनियम निम्मं व्हायला चोवीस हजार वर्षं लागतात. तरीही हा कचरा मोजलेला असतो, कुलपात असतो. कोळशाचा कचरा आपण श्वासातून घेतो. म्हणून माझं मत अणूकडे झुकतं.

अडचण वेळेची आहे. सुरतजवळच्या काकरापारच्या तिसऱ्या संचाचं पहिलं काँक्रीट २०१०मध्ये पडलं. त्याची वीज व्यावसायिक पातळीवर सुरू झाली २०२३मध्ये. तेवढी तेरा वर्षं आपले दिवे कोळशावरच जळत होते.