शोकेस वाजू नये म्हणून

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घडतो, तेव्हा कारागिराची बरीचशी मेहनत एका गोष्टीसाठी असते: तारेचं कंपन घोडीवरून (जिच्यावर तारा टेकतात) तबलीत (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणात) आणि तिथून भोपळ्यात उतरलं पाहिजे. बारीक तार स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. तबलीचा पृष्ठभाग मोठा, म्हणून ती हलवते आणि तंबोरा खोलीभर ऐकू येतो.

स्पीकर प्लायवूडच्या शोकेसवर ठेवला की हीच गोष्ट नको तिथे घडते. स्पीकरचा पडदा पुढे झेपावतो, तेव्हा खोकं तितक्याच जोराने मागे रेटलं जातं. तो रेटा खालच्या फळीत जातो. फळी मोठी आणि तिच्याखाली पोकळी. ती स्वतःच गाऊ लागते, तेही स्वतःच्या ठरावीक सुरात. मग डग्ग्याचा घुमारा लांबतो, काचा किणकिणतात आणि तंबोऱ्याचा खर्ज गढूळ होतो. गाणं चालू असताना फळीवर तळवा ठेवून पाहा, हाताला कळतं.

उपाय म्हणजे खाली काहीतरी मऊ घालणं. पण किती मऊ, इथेच बहुतेकांचं चुकतं. आधार वजनाखाली किती दबतो, यावर त्याची नैसर्गिक कंपनसंख्या ठरते, म्हणजे धक्का दिल्यावर तो सेकंदाला किती वेळा डोलतो ते; ती हर्ट्झमध्ये मोजतात. १ मिलिमीटर दबला तर ती साधारण १६ हर्ट्झ, ४ मिलिमीटर दबला तर ८. कंपनं अडू लागतात ती या संख्येच्या सुमारे १.४ पटीच्या वर. त्याखाली ती उलट वाढतात. म्हणजे ८ हर्ट्झच्या आधारावर ४० हर्ट्झचा खर्जही बहुतांश अडतो. रबर आणि फोम भराभर हलवताना जास्त ताठ वागतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा वर सरकतो.

वॉशिंग मशीनखालचे रबरी ठोकळे स्पीकरखाली कुचकामी ठरतात ते यामुळेच. ते ६०-७० किलोंसाठी बनवलेले. ६ किलोंच्या स्पीकरखाली दबतच नाहीत. त्यांचे लहान तुकडे कापा, म्हणजे तेवढाच भार कमी जागेवर पडेल. किंवा वजन वाढवा. ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा तुकडा, दीड फूट बाय एक फूट, इंचभर जाड, साधारण ९-साडेनऊ किलो भरतो. खाली दाट फोमचे चार तुकडे, वर कडप्पा, त्यावर स्पीकर. फोम २० मिलिमीटर जाड असेल तर ४ मिलिमीटर दबणं योग्य. पार चपटा झाला तर तो लाकडासारखाच.

खरी कसोटी रेकॉर्ड प्लेअरची. मिरजेला घर मानणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आजही कुणी लावतं. सुई खाचेतली अतिसूक्ष्म हालचाल वाचते. लाकडी तक्तपोशीवरून कुणी चाललं तरी तीही वाचते. शिवाय सुई आणि तिचा दांडा मिळून साधारण ८ ते १२ हर्ट्झला डोलतात, म्हणून इथे ८ हर्ट्झचा आधार घातक. ५ च्या खाली जायला हवं. लहान सायकलची ट्यूब अर्धवट फुगवायची, वर कडप्पा, त्यावर प्लेअर, आणि सगळं पातळीत आणायचं. ट्यूबमधली हवा हळूहळू उतरते, तेव्हा पातळी अधूनमधून पाहावी.

काँक्रीटच्या स्लॅबवर जड स्टँडमध्ये उभ्या असलेल्या स्पीकरला यातलं फारसं काही लागत नाही. अॅम्प्लिफायर आणि मोबाईलखाली तर पैसे घालूच नयेत.