डॅटसन २४०झेड: रिस्टोअर आणि मॉडिफाय केलेल्या गाडीची विक्री

डॅटसन २४०झेड ही जपानच्या निसान कंपनीची दोन सीटची स्पोर्ट्स कार, ऑक्टोबर १९६९ मधे जपानात फेअरलेडी झेड या नावाने आली आणि १९७० पासून अमेरिकेत विकायला लागली. आज पन्नाशी ओलांडलेल्या या गाड्या अमेरिकेत, त्यातही कॅलिफोर्नियात, शौकीन लोक एकमेकांकडून विकत घेतात, वर्षानुवर्षं गॅरेजमधे उभी करून रिस्टोअर करतात, आपल्या आवडीचं इंजिन, गिअरबॉक्स, चाकं बसवतात आणि पुढच्या शौकिनाला विकतात. ही नोंद त्या विक्रीबद्दल आहे, कारण साधी सेकंडहँड गाडी विकणं आणि अशी गाडी विकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी गाडीबद्दल थोडं. अमेरिकेत सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर, समोर २.४ लिटरचं सहा सिलिंडरचं एल२४ इंजिन, १५१ हॉर्सपॉवर आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, हे सगळं त्या पैशात युरोपियन कंपन्या देतच नव्हत्या. अमेरिकेतल्या निसानचे युताका कातायामा, ज्यांना झेडवाले लोक अजूनही प्रेमाने मिस्टर के म्हणतात, त्यांनी या गाडीसाठी कंपनीत जोर लावला होता. शर्यतीतही ही गाडी चमकली, पीटर ब्रॉक यांच्या बीआरई टीमकडून जॉन मॉर्टनने १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेतली सी-प्रॉडक्शन या वर्गाची चॅम्पियनशिप जिंकली, आणि पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीत १९७१ ला एडगर हेरमान आणि १९७३ ला भारतीय वंशाचे शेखर मेहता २४०झेड घेऊनच पहिले आले. त्यामुळे आज कोणी बीआरईच्या लाल-पांढऱ्या रंगात गाडी रंगवतो, कोणी सफारीसारखे मोठे लाईट लावतो, ते उगाच नाही.

आता मुख्य गोष्ट, गंज. झेड विकत घेणारा माणूस इंजिन नंतर बघतो, आधी पत्रा बघतो. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी, आणि पत्रा पातळ, गंजापासून संरक्षण त्या काळच्या मानाने सुद्धा कमीच, त्यामुळे कुठे ना कुठे पाणी मुरतंच आणि ते अक्षरशः मुरतं. ठिकाणं ठरलेली आहेत. बॅटरीचा ट्रे बोनेटखालच्या इंजिन बेच्या मागच्या कोपऱ्यात, अमेरिकन गाडीत पॅसेंजरच्या बाजूला असतो, बॅटरीतून ॲसिड गळलं की ट्रे खातं, मग खालचा पत्रा खातं आणि मग त्याच्या खालची फ्रेम रेल, म्हणजे बॉडीला बळकटी देणारी लांब पट्टी, पोखरतं, आणि वरून नवीन ट्रे वेल्ड करून काळा रंग मारला की बोनेट उघडल्यावर सगळं छान दिसतं. वायपरच्या खालच्या पोकळीत पाला साचतो, पाणी निघून जायची वाट तुंबते आणि ते पाणी थेट आत पायाशी उतरतं. मागच्या चाकाच्या बरोबर पुढचा कोपरा, ज्याला झेडवाले डॉगलेग म्हणतात, तो बहुतेक गाड्यांमधे एकदा तरी कापून बदललेला असतो. फ्लोअरखालच्या रेल तर चुकीच्या जागी जॅक लावूनच चेपलेल्या असतात.

म्हणून विकणाऱ्याने सगळ्यात आधी काय दाखवावं तर रंग लावायच्या आधीचे फोटो. गाडी नुसत्या पत्र्यावर आणलेली, कुठला तुकडा कापला, कुठे नवीन वेल्ड केला, हे दिसणारे फोटो. चकचकीत रंगाच्या फोटोंपेक्षा या फोटोंना जास्त किंमत आहे असं माझं ठाम मत आहे, कारण रंगाच्या खाली पुट्टी किती भरलीय ते विकत घेणाऱ्याला नुसतं बघून कळत नाही. तो चुंबक आणतो (पुट्टीला चुंबक चिकटत नाही), रंगाची जाडी मोजायचं मीटर आणतो, गाडी लिफ्टवर घ्यायला सांगतो, आणि त्याने असं सांगितलं की वाईट वाटून घेऊ नये, उलट आपणच आधी म्हणावं की चला, खालून बघून घ्या. गाडी दाखवताना इंजिन आधीच गरम करून ठेवू नये, थंड इंजिन कसं सुरू होतं हे त्याला ऐकायचं असतं, आणि सहाही सिलिंडरच्या कॉम्प्रेशन टेस्टचे (कुठला सिलिंडर किती दाब धरतो त्याचे) आकडे कागदावर लिहून ठेवलेले असले तर बोलणं निम्मं कमी होतं.

मॉडिफिकेशनचं गणित वेगळं आहे आणि इथे मतं तुटेपर्यंत ताणली जातात. एक गट अस्सल गाडीवर जीव टाकणारा: इंजिन बेमधल्या प्लेटवर गाडीचा एचएलएस३० ने सुरू होणारा नंबर आणि इंजिनचा नंबर असतो, तो आणि इंजिनवर ठोकलेला नंबर जुळला पाहिजे, डॅशबोर्डला तडा नको (उन्हात राहिलेल्या गाड्यांचे डॅश हमखास तडकतात, त्यामुळे न तडकलेला मूळ डॅश हीच एक मिळकत आहे), आणि अगदी सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या दारावर हवेच्या जाळ्या होत्या त्या जागच्या जागी पाहिजेत. दुसरा गट चालवणारा, त्याला याच मालिकेतल्या नंतरच्या २८०झेड मधलं २.८ लिटरचं एल२८ इंजिन, वेबर किंवा मिकुनी कंपनीचे तीन कार्ब्युरेटर, पाच गिअर, पुढे मोठे ब्रेक, बाजूला बोल्ट केलेले रुंद फेंडर आणि वातानाबे कंपनीची चाकं पाहिजेत. या दोन्ही गटांना चालेल अशी गाडी म्हणजे जिचे बदल परत काढता येतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चांगले शॉक ॲबसॉर्बर, एल२८ सुद्धा, हे सगळं कोणी ना कोणी आनंदाने घेतो. १९७३ च्या गाडीवर चपट्या डोक्याचे जे कार्ब्युरेटर आले होते ते काढून आधीचे गोल डोक्याचे लावले तर त्याला कोणी बदल पण म्हणत नाही, दुरुस्तीच म्हणतात. पण फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि आतली बसायची जागा यांच्यामधला पत्रा, कापून आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन बसवलं, मागचे फेंडर कापले, की घेणारे एकदम कमी होतात, ते असतात पण त्यांना नेमकं तेच पाहिजे असतं आणि त्यांची वाट बघावी लागते. काढलेले मूळ पार्ट टाकून देऊ नयेत, मूळ कार्ब्युरेटर, स्टीअरिंग, लोखंडी चाकं, सगळं खोक्यात घालून गाडीबरोबर द्यावं, भाव त्याने चढतो.

मॉडिफाय करण्याची ही मोकळीक कायद्यावर पण अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना धुराची तपासणी नाही, त्यामुळे २४०झेड आणि २६०झेड सुटतात आणि १९७६ पासूनच्या २८०झेडला तपासणी लागते, तिचं सर्टिफिकेट द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची, म्हणून तिथे आधीच्या गाडीला जास्त मागणी. आपल्याकडे मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांचे शौकीन कमी नाहीत पण इथे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर गाडी बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना जी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली ती मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांसाठी आहे, त्यामुळे कॅलिफोर्नियासारखा बाजार इथे उभा राहिलेला नाही.

किंमत कशी ठरते हे सांगायला सगळ्यात चांगलं उदाहरण खुद्द निसानचं आहे. १९९६ ला अमेरिकेत झेड मालिकेतली तेव्हाची गाडी ३००झेडएक्स बंद झाली, नवीन झेड तयार नव्हती, तेव्हा कंपनीने जुन्या २४०झेड विकत घेऊन, कॅलिफोर्नियातल्या वर्कशॉपकडून पूर्ण रिस्टोअर करून आपल्याच शोरूममधून साधारण २५ हजार डॉलरला विकायला काढल्या, व्हिंटेज झेड प्रोग्रॅम म्हणून. पन्नासच्या आतच गाड्या झाल्या आणि १९९८ ला ते बंद पडलं, खर्च किमतीच्या वर जात होता. कंपनीला जे परवडलं नाही ते घरच्या गॅरेजमधे काम करणाऱ्याला परवडेल ही आशाच नको, बिलांची बेरीज करून तेवढी किंमत मागितली की फोन येणं थांबतं. बिलं दाखवायची ती काम झालंय याचा पुरावा म्हणून. दुसऱ्या टोकाला जानेवारी २०२० मधे एक १९७१ ची हिरवी २४०झेड ऑनलाईन लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली, पण ती जेमतेम एकवीस-बावीस हजार मैल चाललेली, न बदललेली गाडी होती, तिच्याकडे बोट दाखवून आपल्या मॉडिफाय गाडीचा भाव सांगणं चुकीचं आहे. गाड्यांचा विमा करणारी हॅगर्टी कंपनी अवस्थेप्रमाणे १ ते ४ असे वर्ग करून भाव छापते, १ म्हणजे प्रदर्शनात ठेवण्यासारखी. बहुतेक विकणारे आपली ३ नंबरची गाडी २ मधे धरतात. मैलांचा आकडा पण जपून सांगायचा, मीटरला पाचच आकडे आहेत, एक लाख मैलांनंतर परत शून्य होतं, तेव्हा जुने कागद नसतील तर खरे मैल माहीत नाहीत असं स्पष्ट लिहावं.

व्यवहार ठरला की पैसे बँकेतून सरळ खात्यात घ्यावेत, आणि कॅशिअर्स चेक (बँकेने स्वतः काढून दिलेला चेक) असेल तर घेणाऱ्याबरोबर त्याच्या बँकेत जाऊनच घ्यावा, कारण खोटे चेक या बाजारात खूप फिरतात. टायटल म्हणजे मालकीचा कागद आपल्या नावावर आहे ना, त्यावरचा नंबर डॅशबोर्डच्या प्लेटशी जुळतो ना हे जाहिरात द्यायच्या आधीच बघून ठेवायचं, पन्नास वर्षांत कुठेतरी एक आकडा चुकीचा टाईप झालेला निघतो आणि ऐनवेळी सगळं अडतं. गाडी दिल्यावर कॅलिफोर्नियात पाच दिवसांच्या आत डीएमव्हीला, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी खात्याला, गाडी विकल्याचं कळवावं लागतं, ते राहिलं तर नवीन मालकाने केलेलं पार्किंगचं चलन सुद्धा जुन्या मालकाच्या घरी येतं.