हिरव्या पावडरीतला निळा रंग
स्पिरुलिना या हिरव्या पूरक पावडरीच्या डब्यावर बहुधा दोन दावे शेजारीशेजारी छापलेले असतात: 'रोगप्रतिकारशक्ती वाढवते' आणि 'दाह कमी करते'. जखम झाली की तिथे रक्त धावतं, पांढऱ्या पेशी जमतात, भाग लाल होतो, सुजतो, ठणकतो. हा दाह म्हणजे प्रतिकारशक्तीचंच काम. मग एकच गोळी तिला चेतवणार आणि आवरणारही?

'निळं-हिरवं शेवाळ' म्हणून विकलं जाणारं हे शेवाळ नाहीच. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे पेशीत केंद्रक नसलेले पण प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू. पावडर थंड पाण्यात कालवून रात्रभर ठेवली, तर वरचं पाणी सुरेख निळं होतं आणि त्यावर तिरपा उजेड पडला की लालसर चमकतं. हे फायकोसायनिन. हरितद्रव्य नारिंगी प्रकाश नीट शोषू शकत नाही. हे प्रथिन तो (620 नॅनोमीटरच्या आसपासचा) पकडून हरितद्रव्याकडे सोपवतं.

पण खरी गंमत त्या प्रथिनाला चिकटलेल्या रंगकणात, फायकोसायनोबिलिनमध्ये आहे. जीवाणू तो 'हीम'पासून बनवतो. हीम म्हणजे आपल्या हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग: चार छोटी कडी जोडून झालेलं एक मोठं कडं. हीम ऑक्सिजनेज हे विकर (एन्झाइम, रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) ते मोठं कडं एका जागी तोडतं आणि चार कड्यांची उघडी साखळी उरते. आपल्या शरीरातही नेमकं हेच होतं. मुका मार लागल्यावर काळानिळा डाग काही दिवसांनी हिरवट आणि मग पिवळा पडतो ना? हिरवट ते बिलिव्हर्डिन, पिवळं ते बिलिरुबिन. कावीळवालं बिलिरुबिन! फायकोसायनोबिलिन हे याच घराण्यातलं.

आता दाहाकडे. पांढऱ्या पेशी एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाच्या विकराने ऑक्सिजनला जादा इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड बनवतात आणि त्याने जंतू मारतात. हे अती झालं की आपल्याच ऊतींना इजा होते. बिलिरुबिन या विकराला लगाम घालतं. फायकोसायनोबिलिनही पेशींवरच्या प्रयोगांत तसंच वागलेलं दिसलं आहे. म्हणजे दुसरा दावा अगदीच हवेतला नाही. पहिलाही नाही, कारण या जीवाणूच्या पेशीभित्तिकेतली लिपोप्रथिनं प्रयोगशाळेत प्रतिकारपेशींना चेतवतात. रेणू वेगळे, दिशा उलट, आणि पावडरीत दोन्ही एकत्र.

मात्रेचा हिशोब करून पाहा. 3 ग्रॅम पावडरीत फायकोसायनिन साधारण 300 ते 450 मिलिग्रॅम. त्यात रंगकणाचं वजन जेमतेम पाच टक्के, म्हणजे 15 ते 20 मिलिग्रॅम. तेही सगळं पचून रक्तात पोहोचत नाही. आणि शरीर स्वतः रोज 250 ते 300 मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार करतं! माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत, निकाल संमिश्र. संधिवातावरचं औषध बंद करून ही पावडर घ्यावी, असं त्यातून मुळीच निघत नाही. ल्युपससारख्या विकारात, जिथे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

'नैसर्गिक आहे, अपाय कसला?' हा युक्तिवाद तर इथे सपशेल आपटतो. याच सायनोबॅक्टेरियांपैकी मायक्रोसिस्टिस आणि इतर काही मायक्रोसिस्टिन हे विष बनवतात. ते यकृतावर घाला घालतं आणि पाणी उकळून नष्ट होत नाही. ब्राझीलमधल्या कारुआरू इथे 1996 साली डायलिसिसच्या पाण्यातून हे विष गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. स्पिरुलिना सहसा अल्कधर्मी पाण्याच्या हौदांत वाढवतात, तिथे इतर जीवांना तगणं अवघड जातं. 'एएफए' नावाने मिळणारं दुसरं निळं-हिरवं पूरक मात्र अमेरिकेत ओरेगॉनमधल्या क्लॅमथ सरोवरातून थेट गोळा करतात, आणि त्याच पाण्यात मायक्रोसिस्टिसही वाढतं. म्हणून 1997 मध्ये ओरेगॉनने अशा उत्पादनांसाठी एका ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन ही कमाल मर्यादा ठरवली. डब्यावर दाव्यांची गर्दी असते. प्रत्येक बॅचच्या विषचाचणीचा आकडा तिथे क्वचितच सापडतो.